बहुमंचीय ॲप-विकसन साधने
बहुमंचीय ॲप-विकसन साधने : एकाच मूळ आज्ञावलीपासून अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही कार्यप्रणालींवर चालणारी मोबाईल ॲप्स तयार करण्यासाठी संगणकावर बसवावा लागणारा साधनसंच. अँड्रॉइडची ॲप्स मुख्यत्वे जावा वा कॉटलिन आणि आयओएसची ऑब्जेक्टिव्ह-सी वा स्विफ्ट या भाषांत लिहितात. त्यामुळे एकच ॲप दोनदा लिहावे लागे. हे टाळण्यासाठी फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह प्रसिद्ध केले. गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती २०१८ मध्ये आली. तिची भाषा डार्ट.

मूळ आज्ञावली एक झाली, तरी तिच्यापासून ॲप घडविणारी यंत्रणा एक होत नाही. आकुर्डी-चाकण पट्ट्यातील कारखान्यात एकाच आराखड्याचा भाग दोन निराळ्या यंत्रांवर घ्यावयाचा असल्यास प्रत्येकासाठी वेगळे फिक्स्चर लागते, तसाच हा प्रकार होय.

फ्लटर बसविताना प्रथम त्याचा संच उतरवून घेऊन त्याचा पत्ता संगणकाच्या ‘पाथ’ या नोंदीत घालतात. नंतर अँड्रॉइड स्टुडिओ व त्यासोबतचा अँड्रॉइड संच बसवून परवाने मान्य करतात. ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा दिली असता काय उणे आहे ते कळते. नवशिक्याच्या पुष्कळशा अडचणी आज्ञावलीत नसतात, तर पाथमधील चुकीत किंवा जावा आणि ग्रेडल (ॲपची बांधणी करणारे साधन) यांच्या न जुळणाऱ्या आवृत्त्यांत असतात. त्रुटीचा संदेश मात्र इतका लांबलचक असतो, की शिकणारा स्वतःचेच लेखन तपासत बसतो. चाचणीसाठी संगणकावर आभासी फोन चालविता येतो. परंतु त्याला बरीच स्मृती लागते. बेताच्या संगणकावर खरा फोनच तारेने जोडणे श्रेयस्कर.

आयओएसची बाजू अधिक अवघड आहे. तिची बांधणी एक्सकोड या साधनाने होते आणि ते केवळ ॲपलच्या मॅक संगणकावर चालते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे अधिकृत प्रशिक्षण केंद्र आकुर्डी येथे आहे. परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. अशा ठिकाणी शिकून घरी विंडोज संगणकावर सराव करणाऱ्याचे ‘बहुमंचीय’ ॲप प्रत्यक्षात अँड्रॉइडपुरतेच उरते. दूरस्थ मॅक भाड्याने घेता येतो, पण वितरणाचा खर्च राहतोच : गूगलचे नोंदणीशुल्क एकदाच २५ डॉलर, तर ॲपलचे दरवर्षी ९९ डॉलर.

मराठी ॲपच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक असते. फ्लटर पडद्यावरील अक्षरे स्वतः रेखाटते; म्हणून जोडाक्षरे व रफार दोन्ही प्रकारच्या फोनवर पाहूनच ॲप वितरणासाठी द्यावे.