‘ब्लाविकेनचा कसाई’ : एका बिरुदाची घडण

वीरकथांतील नायकांना मिळालेली बिरुदे बहुधा त्यांच्या पराक्रमाची साक्ष देतात. पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्की यांच्या गेराल्ट या नायकाच्या वाट्याला मात्र ‘ब्लाविकेनचा कसाई’ हे बिरुद आले. ज्या गावाला कत्तलीपासून वाचवावयास तो धावला, त्याच गावात त्याला ते चिकटले. वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने २००७, २०११ व २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘विचर’ या संगणकीय खेळांमुळे गेराल्ट जगभर परिचित झाला. खेळांचे कथानक कादंबऱ्यांच्या शेवटानंतर सुरू होते. त्यामुळे बिरुदाला जन्म देणारा प्रसंग खेळणाऱ्याच्या हातून घडत नाही. त्याच्या कानी पडते ते केवळ नाव. बिरुद आणि त्यामागील हकीकत यांची ही ताटातूट अभ्यासनीय आहे, असे आम्हांस वाटते.

मूळ हकीकत ज्या कथेत आहे, तिच्या नावाचा अर्थ मराठीत ‘अल्पतर अनिष्ट’ असा करता येईल. १९९३ च्या ‘अखेरची इच्छा’ या अर्थाच्या शीर्षकाच्या संग्रहात ती समाविष्ट आहे. गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षसी प्राणी मारणारा व्यावसायिक. एका मेलेल्या प्राण्याचे धूड घेऊन तो ब्लाविकेनला येतो. तेथील मनोऱ्यात स्त्रेगोबोर नावाचा मांत्रिक लपून बसलेला आहे. विशिष्ट सूर्यग्रहणाच्या सुमारास जन्मलेल्या मुली उपजतच दुष्ट असतात, असे त्याचे मत. आणि या मतापायी कित्येक मुलींचा बळी गेलेला आहे. त्यांतील एक, राजकन्या रेनफ्री, मारेकऱ्याच्या हातून निसटून, वनात खुजांच्या आश्रयाला राहून, पुढे दरोडेखोरांची म्होरकी झाली आहे. (सावत्र आई, शिकारी आणि खुजे ही सामग्री ग्रिमबंधूंच्या हिमगौरीची होय, हे वाचकाच्या ध्यानी आलेच असेल.) मांत्रिक म्हणतो, रेनफ्रीला मार, रेनफ्री म्हणते, मांत्रिकाला मार. आपली बाजू म्हणजेच अल्पतर अनिष्ट, असे दोघेही पटवू पाहतात. दोन अनिष्टांतून निवड करावयाची असेल तर आपण निवडच करणार नाही, हे गेराल्टचे उत्तर.

हे उत्तर एक रात्रभरच टिकते. ट्रिडॅम येथे दरोडेखोरांनी यात्रेकरूंना ओलीस धरून, मागणी मान्य होईपर्यंत त्यांची हत्या आरंभिली होती, या जुन्या प्रसंगाचा उल्लेख रेनफ्रीच्या बोलण्यात आलेला असतो. दुसऱ्या दिवशी बाजार आहे, हे ध्यानात येताच त्या उल्लेखाचा अर्थ गेराल्टला उमगतो. मांत्रिक मनोऱ्यातून बाहेर यावा म्हणून बाजारकरूंची कत्तल होणार! तो चौकात धावतो आणि टोळीतील माणसांना ठार करतो. तोच रेनफ्री मनोऱ्याकडून परत येते. सारे गाव कापून काढलेस तरी मी बाहेर येणार नाही, असे मांत्रिकाने तिला हसून सांगितलेले असते. त्यानंतरच्या द्वंद्वात तीही मरते. मांत्रिक तिचे शव चिरफाडीसाठी मागतो आणि गेराल्ट ते नाकारतो. लोक त्याच्यावर दगड फेकू लागतात. गावचा मुख्याधिकारी काल्देमेन, जो त्याचा जुना स्नेही, तोच त्याला येथून जा आणि पुन्हा येऊ नकोस असे बजावतो.

गावकरी कृतघ्न होते असे म्हणून हा प्रश्न मिटविणे सोपे आहे. आमच्या मते ते योग्य नव्हे. टळलेल्या कत्तलीचा पुरावा मागे उरत नाही. घडलेल्या कत्तलीचा उरतो. चौकात प्रेते होती, तलवार होती आणि एक परका मनुष्य होता. पाहिले त्यावरून जमावाने काढलेला निष्कर्ष तर्कदुष्ट म्हणता येत नाही. शिवाय मांत्रिकाच्या नकाराने कत्तलीचे प्रयोजनच संपले होते. तेव्हा ती खरोखर झाली असती काय? कथा याचे निश्चित उत्तर देत नाही. म्हणूनच बिरुद पूर्णतः खोटे ठरत नाही आणि गेराल्टलाही ते सहजी झटकून टाकता येत नाही.

शब्दाकडेही पाहावयास हवे. पोलिश ‘झेझ्निक’ हा मांसविक्रेत्याचा साधा व्यवसायवाचक शब्द. परंतु तो ज्यापासून साधला आहे, त्या ‘झेझ’ शब्दाचा अर्थच कत्तल. रेनफ्रीचेही टोपणनाव आहे ‘जेझ्बा’, म्हणजे भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा पक्षी. लिनियसने या पक्ष्याच्या प्रजातीला लॅटिन खाटकाचेच नाव, ‘लानिउस’, दिले. आणि मराठीतही तो खाटीकच. म्हणजे मारणारा आणि मेलेली यांना आपल्या भाषेत एकाच नावाने हाक मारता आली असती. मराठी अनुवादकाने हा मोह आवरलेला बरा. खाटीक हे आपल्याकडे व्यवसायाचे व जातीचे नाव आहे. निर्दयतेचा अर्थ भाषेने मुख्यत्वे ‘कसाई’वर लादला आहे.

याहून सूचक आहे ती बिरुदाची रचना. ‘रिव्हियाचा गेराल्ट’ आणि ‘ब्लाविकेनचा कसाई’ ही दोन्ही नावे पोलिशमध्ये एकाच शब्दयोगी अव्ययाने बांधलेली आहेत. पैकी रिव्हिया हे त्याचे जन्मस्थान नव्हे. नावाला भारदस्तपणा यावा म्हणून ते त्याने स्वतःच निवडले. पुढे एका युद्धप्रसंगानंतर रिव्हियाच्या राणीने सरदारकी देऊन त्यावर शिक्कामोर्तब केले, ही लेखकाची खास मिस्किली. स्वतः घेतलेल्या नावाला राजमान्यता लाभली. लोकांनी दिलेल्या नावाला ती लागलीच नाही.

खेळात या नावाचा परिणाम निराळा होतो. कथेचा वाचक सारी हकीकत जाणून मग बिरुद ऐकतो. केवळ खेळणारा मात्र आधी बिरुद ऐकतो, म्हणजे नकळत तो जमावाच्या जागी उभा असतो, आणि त्याच वेळी शिवी झेलणाऱ्याच्याही. तिसऱ्या खेळातील एक उपकथा या दृष्टीने लक्षणीय आहे. ठरलेला मोबदला बुडवून गावकरी जिवावर उठले म्हणून गेराल्टच्याच पेशातील दुसऱ्या एकाने सारे गाव कापून काढले आहे. वाचवली आहे ती फक्त एका लहान मुलीला. त्याला मारावे की सोडावे हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. ब्लाविकेनची कथा ठाऊक असलेला येथे थबकतो, कारण प्रेतांवरून निवाडा करण्याची वेळ आता गेराल्टवर आलेली असते. दोन्ही मार्ग खेळात खुले आहेत, आणि साक्ष द्यावयास गावात ती मुलगीच तेवढी उरलेली आहे.