काटा खरा की यंत्र खरे?

वाळपईहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना मोटारीच्या तबकडीवरील एखादा काटा अकस्मात खाली आला, तर चालक मोटार कडेला घेतो, झाकण उघडतो, आणि न बोलावलेले चार जाणकार आपापले निदान सांगू लागतात. आकाशात अशी कड नसते. तेथे काट्याचे ऐकायचे की नाही, हे वैमानिकाला काही क्षणांत ठरवावे लागते.

पेडण्यातील मोपा विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हापासून सत्तरी-डिचोलीकडील घरांतूनही मुलामुलींना वैमानिक किंवा विमानयंत्रज्ञ करण्याच्या गोष्टी कानी पडतात. पण हे शिक्षण मोठ्या जेट विमानात सुरू होत नाही. बारामती, गोंदिया अशा ठिकाणी दोन-चार आसनांच्या छोट्या विमानांवर पहिले धडे गिरवावे लागतात. अशाच छोट्या विमानातील एका तबकडीविषयी, इंधनदाबमापकाविषयी, येथे लिहावयाचे आहे.

ज्या विमानाचे पंख छपरासारखे वर असतात, त्याच्या पंखांतील टाक्यांतून पेट्रोल आपोआप खाली उतरते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावे तसे. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या अशा पुष्कळ विमानांत पंप नसतो आणि दाबाचा काटाही नसतो. पायपर चेरोकीसारख्या, पंख खाली असलेल्या विमानात मात्र पेट्रोल उपसून वर चढवावे लागते. म्हणून तेथे दोन पंप असतात: एक इंजिनावरच चालणारा आणि दुसरा विजेचा, उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी सोबतीला आणि पहिला निकामी झाल्यास आधाराला. लायकॉमिंग कंपनीच्या ओ-३२० या इंजिनाला कार्ब्युरेटरपाशी दर चौरस इंचास किमान अर्धा पौंड, कमाल ८ पौंड आणि सर्वसाधारणपणे ३ पौंड दाब लागतो. मोटारीच्या चाकात ३० पौंडांच्या आसपास हवा असते, हे ध्यानात घेतले म्हणजे येथे एका पौंडाची चूकही का खपत नाही ते कळेल.

जत्रेत मिळणारी, फुंकर मारताच उलगडणारी कागदी पिपाणी आपण सर्वांनी लहानपणी वाजविली आहे. पॅरिसच्या युजेन बूर्दाँने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या दाबमापकाचे तत्त्व नेमके हेच. धातूची चपटी, वाकविलेली नळी दाबाने किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. जुन्या विमानांत पेट्रोलची बारीक नळी थेट या तबकडीपर्यंत आणलेली असते. ती फुटल्यास पेट्रोलची धार लागू नये म्हणून तिच्या मुखाशी अतिसूक्ष्म छिद्राची जोडणी ठेवतात. या छिद्रात कचरा अडकला की काटा आळसावतो. उलट, भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या, इंजिन बंद केलेल्या विमानातही काटा वर चढलेला दिसतो. नवशिक्याला तो बिघाड वाटतो. वास्तविक नळीत कोंडलेले पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावलेले असते. म्हणजे काटा खरेच सांगत असतो!

नंतरच्या काळातील पुष्कळ विमानांत दाबाचे मापन इंजिनापाशी होते आणि तबकडीपर्यंत फक्त विजेची तार येते. तेथे निराळीच फसगत संभवते. त्या मापकाची ‘अर्थिंग’ बहुधा त्याच्या धातूच्या अंगातूनच होते. जोड सैल झाला, गंजला, की तबकडी भलताच आकडा दाखवू लागते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत हे दुखणे नवे नाही. स्कूटरचे दिवे दुरुस्त करणाऱ्यालाही ते ठाऊक असते. याची एक सोपी खूण आहे. विमानाचा मोठा दिवा लावताच इंधनदाबाचा काटा हलला, तर प्रथम तारांवर संशय घ्यावा. दिवा लागला की विझला, हे पेट्रोलला काय ठाऊक?

मात्र ‘मीटरच खराब आहे’ हे वाक्य फार सोयीचे असते, आणि तेथेच धोका असतो. पंपातील पडदा फाटला, गाळणी तुंबली किंवा जोड गळू लागला, तरीही काटा तसाच खाली येतो. छोट्या विमानांच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. इंजिनाच्या झाकणाखाली निळसर डाग दिसला, तर मीटरला दोष देण्याचे कारण उरत नाही.

उपकरणाच्या खोट्या साक्षीची किंमत मुंबईने पाहिली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ दुबईकडे निघाले. विमान किती कलले आहे हे दाखविणारे कप्तानासमोरील उपकरण बिघडले. समुद्रावरील अंधारात क्षितिज दिसत नव्हते. विमान उजवीकडे कलल्याच्या समजुतीने कप्तानाने ते डावीकडे झुकविले, आणि उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती तोच ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. पडताळ्यासाठी दुसरी उपकरणे समोर होती. पडताळ्याला वेळ मिळाला नाही.

म्हणून आकाशात दाबाचा काटा पडला की तो खराच मानून चालतात. त्या विमानाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे विजेचा पंप लावणे, टाकी बदलणे आणि जवळची धावपट्टी गाठणे, हा क्रम. पेट्रोलचा वास येत असेल, तर पंप लावण्याआधीच विचार करावा. गळक्या नळीत अधिक जोराने पेट्रोल ढकलणे बरे नव्हे.

संशयाला जागा जमिनीवर. इंजिन बंद ठेवून केवळ विजेचा पंप लावावा आणि काटा पाहावा. मग तो बंद करून इंजिनाच्या पंपावर पाहावा. एकाच पंपावर काटा पडत असेल, तर मीटर बहुधा निर्दोष आहे. तरीही खात्रीसाठी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तीन तोंडांची जोडणी बसवून तपासून घेतलेले दुसरे मापक लावतात. दोन्ही आकडे जुळले, तर विमानातील काटा खरा आणि शोध पंप, गाळणी, नळ्यांत घ्यावयाचा. न जुळले, तर तबकडी, तार आणि मापक एकामागून एक तपासावयाचे. ही जोडणी करण्यात अर्धा दिवस जातो. अंदाजाने नवी तबकडी बसविणे पुष्कळदा लवकर उरकते, म्हणून तो मोह होतो. शेवटी परवानाधारक यंत्रज्ञाने विमानाच्या वहीत ‘मीटर पाहिले, ठीक’ एवढेच लिहू नये. कोणत्या पंपावर, इंजिनाच्या किती फेऱ्यांवर, दोन्ही मापकांनी किती पौंड दाखविले, हे आकडे लिहून मगच खाली सही करावी.