टीबी बरा झाला, तरी रोज बेडका का पडतो?

टीबीचा कोर्स पूर्ण झाला, बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली, वजनही वाढलं. तरी रोज सकाळी खोकून खोकून पिवळट बेडका पडतोच. घरच्यांना वाटतं, टीबी उलटला. कुणी मेडिकलमधून खोकला दाबणारं औषध आणतं, आणि तिथेच चूक होते.

अशा वेळी अनेकदा कारण असतं ब्राँकाइएक्टेसिस. आपल्या श्वासनलिकांना आतून बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते कफ सतत वर ढकलतात. टीबी, न्यूमोनिया, गोवर किंवा डांग्या खोकल्यामुळे नलिकेची भिंत खराब झाली, की ती कायमची रुंद आणि सैल होते. मग कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, सूज येते आणि भिंत आणखी खराब होते. २०१५ ते २०१७ मध्ये भारतातल्या ३१ केंद्रांवर अशा २,१९५ रुग्णांची नोंद झाली. त्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३५ टक्के जणांचा आजार टीबीनंतरचा होता.

रुंद झालेली नलिका पूर्ववत होत नाही. कफ मात्र रोज बाहेर काढता येतो. मुरुडच्या (लातूरचं मुरुड, कोकणातलं नव्हे) माणसाला फिजिओथेरपीसाठी रोज लातूर गाठणं परवडणारं नाही. म्हणूनच यंत्राशिवाय घरी करता येणारी पद्धत जास्त कामाची.

खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल सोडा. आधी अर्धा-एक मिनिट पोटाने संथ श्वास घ्या. मग तीन-चार वेळा छाती भरून खोल श्वास घ्या, दोन-तीन सेकंद रोखा आणि अलगद सोडा. हे रोखणं महत्त्वाचं आहे, कारण तेवढ्या वेळात हवा शेजारच्या वाटांनी कफाच्या मागे पोचते आणि त्याला मागून रेटा मिळतो. पुन्हा संथ श्वास. नंतर मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तसं लांब 'हाऽऽ' करा. यामुळे खोलवरचा कफ सरकतो. तो घशाजवळ आल्यासारखा वाटला की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरदार 'हाः' करा आणि थुंका. जोर लावून खोकत राहिलं तर नलिका मिटतात, दम लागतो आणि कफ तिथेच राहतो.

हे चक्र दहा ते वीस मिनिटं, दिवसातून एक-दोनदा करा. जेवणानंतर लगेच नको. एकदा फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्या. डोकं खाली करून झोपण्याची जुनी पद्धत ॲसिडिटी किंवा बीपी असलेल्यांनी स्वतःहून करू नये. कंप देणारी हातातली प्लास्टिकची उपकरणंही मिळतात. ती उपयोगी आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

पाणी भरपूर प्या, नाहीतर कफ चिकट होतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना उन्हाळ्यात हे सांगणं अवघडच. हृदय किंवा किडनीचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

बेडक्यात रक्त दिसलं तर व्यायाम थांबवा आणि दवाखाना गाठा. रक्त जास्त पडत असेल तर क्षणभरही थांबू नका. संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं पुन्हा सुरू झालं, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची मोफत तपासणी करून घ्या. तपासणीआधी टीबीच्या उरलेल्या गोळ्या सुरू करू नका.