ट्रॉली भरली, पण वजन किती झालं?

मंडळी, ट्रॉली काठोकाठ भरली म्हणजे वजन बरोबर झालं, असं आपण धरून चालतो. चूक इथंच होते. कापूस शिगोशीग भरला तरी वजनाला हलका. तीच ट्रॉली गिरणेच्या वाळूनं भरा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेवढी कोरडी वाळू साधारण साडेचार टन. ओली असली तर आणखी जास्त.

आता आरसी बुक काढा. त्यात रिकाम्या ट्रॉलीचं वजन असतं आणि मालासकट कमाल वजनही. समजा, 2 आणि 6 टन. मग माल फक्त 4 टन. म्हणजे एक ब्रास वाळूसुद्धा जादा झाली!

कोणी म्हणेल, ट्रॅक्टर ओढतो ना? अहो, ओढणं वेगळं, थांबवणं वेगळं. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला पुढं ढकलतं. चढावर उलटं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

कलम 194 मध्ये जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. पण दंड भरता येतो. मालावर बसलेला मजूर घरी परतला नाही, तर ते कशानं भरणार? म्हणून एकदा तरी काट्यावर वजन करा.