गुलमर्गची घसरगुंडी आणि एक गुराखी

बर्फ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गाडीवरचा काला खट्टा गोळाच ना! पण कंबरेइतक्या बर्फात पायाला लांब पट्ट्या बांधून सुर्रकन घसरत जायचं, हा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. त्याला म्हणतात स्कीइंग. आणि तो खेळायला स्वित्झर्लंडलाच जावं लागतं असं नाही, बरं का! आपल्या काश्मीरमधलं गुलमर्ग त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. उंची सुमारे 2,650 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या जवळजवळ दुप्पट.

2023 च्या फेब्रुवारीत आम्ही तिघं शिक्षक पाठीला सॅक लावून तिथे गेलो. खर्च कमीत कमी करायचा, असं आधीच ठरवलं होतं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं दोन रात्री प्रवास करून जम्मू, तिथून श्रीनगर. श्रीनगरहून शेअर सुमोनं टंगमर्ग. तिथून वर जायला चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेली गाडी, नाहीतर चाकं बर्फावर जागच्या जागीच फिरतात! जेवण म्हणजे राजमा-चावल. स्की, बूट आणि काठ्या भाड्यानं मिळाल्या. उंच डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलाचं तिकीट आम्ही काढलंच नाही. शिकाऊ मंडळींना पायथ्याचा छोटा उतार पुरतो. खेकड्यासारखं आडवं चालत वर चढायचं आणि घसरत खाली यायचं. चढायला वीस मिनिटं, उतरायला वीस सेकंद!

आमचे काश्मिरी गुरुजी म्हणाले, ‘‘आधी पडायला शिका.’’ मग थांबायला शिकवलं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली, की वेग कमी होतो. आता एक कोडं. साध्या बुटांनी माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, मग स्कीवर का रुतत नाही? कारण लांब पट्टीमुळे आपलं वजन मोठ्या जागेवर पसरतं.

ही युक्ती खेळापुरतीच नाही. 1947-48 मध्ये काश्मीरमध्ये युद्ध झालं, तेव्हा आपल्या जवानांना बर्फाळ डोंगरांत लढावं लागलं. बर्फात चालणं हीसुद्धा एक विद्याच आहे. ती शिकवायला 1948 मध्ये लष्करानं गुलमर्गलाच स्कीची शाळा काढली. तीच पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली.

गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्ग आहे, हे वर सांगितलंच. ऑगस्ट 1965 मध्ये त्या भागात मोहम्मद दीन नावाचा एक गुराखी गुरं चारत होता. त्याला दोन अनोळखी माणसं भेटली. त्यांनी पैसे देऊ केले आणि त्याच्याकडे माहिती मागितली. मोहम्मद दीनला संशय आला. त्यानं तडक टंगमर्गचं पोलीस ठाणं गाठलं. सीमेपलीकडून गुपचूप आलेल्या घुसखोरांची खबर अशी वेळेवर मिळाली! ना हातात बंदूक, ना अंगावर वर्दी. पण त्याचं धैर्य केवढं!

मग आता तिथे सगळं शांत आहे का? तसं म्हणता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला अतिरेक्यांनी 26 जणांना ठार मारलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातले पर्यटक होते, आणि तिथलाच एक घोडेवालाही होता. त्यानंतर काश्मीरमधली कितीतरी ठिकाणं पर्यटकांसाठी बंद ठेवावी लागली. ज्याचं घर स्की शिकवून, स्लेज ओढून किंवा चहा विकून चालतं, त्यानं तेव्हा काय करायचं? त्याची तर वर्षाची कमाई याच चार पाहुण्यांवर असते. म्हणूनच स्लेजवाल्या चाचांशी आम्ही पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस केली नाही. काटकसर करायची ती आपल्या खाण्यात-राहण्यात, दुसऱ्याच्या मजुरीत नाही.

असंच दुसरं ठिकाण युरोपात आहे, बोस्निया देशातलं साराएव्हो. 1984 मध्ये तिथल्या डोंगरांवर हिवाळी ऑलिंपिक रंगलं. 1992 मध्ये युद्ध पेटलं, आणि त्याच डोंगरांवरून शहरावर तोफा डागल्या गेल्या. डोंगरांत सुरुंग पेरले गेले. 1995 मध्ये युद्ध संपलं. आज तिथे पुन्हा स्कीइंग चालतं. पण आखलेली वाट सोडून भटकू नका, असं पाहुण्यांना आजही बजावतात. युद्ध संपलं, तरी सुरुंग काही लगेच संपत नाहीत.

गुलमर्गच्या बाजूचाच आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगला उतरला. त्या स्पर्धेत भारताचा तो एकटाच खेळाडू! तोही लहानपणी याच बर्फात शिकला. विचार करा, तिथे सगळे हिवाळे निर्धास्त गेले, तर असे आणखी किती आरिफ तयार होतील!

मोठे झालात की तुम्हीही जरूर जा. आधी घरच्यांना विचारा आणि तिथली परिस्थिती कशी आहे, याची चौकशी करा. पोहोचलात की शिकवणाऱ्याचं गाव विचारा, त्याची मुलं कुठल्या शाळेत जातात तेही विचारा. घसरायला तर तुम्ही दोन दिवसांत शिकालच!