काचपेटीतील बिनबोलावलेले पाहुणे

दिवाणखान्यातील रंगीत माशांची काचपेटी हा शहरी घरांचा जुना विरंगुळा. गेल्या काही वर्षांत या छंदाला एक नवी शाखा फुटली आहे. माशांच्या जागी आता जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांबीच्या लालचुटूक कोळंब्या हिरव्या शेवाळावर संथपणे चरताना दिसतात. ‘चेरी श्रिम्प’ या नावाने ओळखली जाणारी ही कोळंबी मूळची पूर्व चीन आणि तैवानमधील; तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. निसर्गात तिचा रंग मातकट, जवळजवळ पारदर्शक असतो. आज बाजारात दिसणारे लाल, पिवळे, निळे रंग हे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडक पैदाशीचे फळ होय.

जागा थोडी, खर्च बेताचा आणि डोळ्यांना सुख भरपूर, असा हा छंद. परंतु एखाद्या सकाळी कोळंबीच्या डोक्यापुढील टोकावर पांढरे तंतू वळवळताना दिसतात आणि पाळणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. अशा वेळी दोन चुका हमखास घडतात. पहिली, ‘होईल आपोआप बरे’ म्हणून दुर्लक्ष करण्याची. दुसरी आणि अधिक महागात पडणारी, घरात असलेले माशांचे औषध तसेच पाण्यात ओतण्याची. माशांच्या अनेक औषधांत तांबे असते. कोळंबीच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात तांबे असले, तरी पाण्यातील अतिरिक्त तांबे तिला विषासमान ठरते. रोगाने दोन कोळंब्या गेल्या असत्या, तेथे औषधाने संपूर्ण पेटी रिकामी होते.

आधी निदान, मग औषध

निदानासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक चांगले भिंग, एक विजेरी आणि थोडा धीर पुरेसा असतो. तक्रारीची जागा, रंग आणि हालचाल या तीन गोष्टी पाहिल्या, की पाहुणा कोण आहे हे बहुधा कळते.

डोक्याच्या टोकावर, डोळ्यांच्या आसपास, सुमारे एक मिलिमीटर लांबीची पांढरी बोटे हलताना दिसली, तर तो स्क्युटॅरिएला जापोनिका हा चपटा कृमी असण्याची शक्यता अधिक. तो टोकावर दिसत असला, तरी त्याचे खरे ठाणे कल्ल्यांच्या पोकळीत असते आणि अंडीही तो तेथेच घालतो. संख्या थोडी असेल, तर कोळंबी त्याच्यासह बराच काळ जगते. संख्या वाढली, की कल्ल्यांवर ताण येऊन ती अशक्त होते.

पांढरी लव बुरशीसारखी दिसते, पण तिच्यात कृमींसारखी स्वतंत्र वळवळ नाही, असे असेल तर तो बहुधा व्हॉर्टिसेला. सूक्ष्मदर्शकाखाली हा एकपेशीय जीव देठावरील घंटेसारखा दिसतो आणि धक्का लागताच त्याचा देठ स्प्रिंगप्रमाणे आखडतो. शास्त्रीय अर्थाने तो परोपजीवी नव्हेच. कोळंबीचे कवच त्याला केवळ बसायला हवे असते. त्याचे अन्न म्हणजे पाण्यातील जीवाणू. त्यामुळे व्हॉर्टिसेलाचे आगमन ही पाणी अस्वच्छ झाल्याची सूचनाच असते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मादीच्या पोटाखाली, पोहण्याच्या पायांमध्ये, हिरवट-पिवळट धाग्यांचा पुंजका दिसतो. मादी अंडी बाळगून आहे, या समजुतीने नवखा छांदिष्ट आनंदून जातो. अंडी मात्र गोल आणि सुटी दिसतात, तर हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. क्लॅडोगोनियम नावाचे हे परोपजीवी शेवाळ कोळंबीच्या शरीरात मूळ धरते. त्यावर खात्रीचा उपचार उपलब्ध नाही. अशी कोळंबी दिसताच ती स्वतंत्र भांड्यात हलवणे, हाच उरलेल्यांना वाचवण्याचा मार्ग.

एरवी पारदर्शक असणारे शरीर आतून दुधाळ होऊ लागले, तर स्नायूंतील संसर्गाचा संशय घ्यावा. तेथेही विलगीकरणाखेरीज फारसे काही हाती राहत नाही. उलट, काचेवर टुणटुण उड्या मारणारे सूक्ष्म ठिपके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. त्यांच्यासाठी घाबरून औषधे आणू नयेत.

मिठाचे स्नान

स्क्युटॅरिएलावर सर्वाधिक प्रचलित उपाय आपल्या स्वयंपाकघरातीलच आहे. पेटीतीलच सुमारे 240 मिलिलिटर पाणी वेगळे घेऊन त्यात एक मोठा चमचा मीठ पूर्ण विरघळवावे. मीठ आयोडीनविरहित असल्याची खात्री वेष्टनावरून करून घ्यावी. कोळंबीला जाळीत घेऊन या पाण्यात 30 ते 60 सेकंद बुडवावे आणि लगेच मूळ पाण्यात सोडावे. प्रथम एका-दोघींवरच प्रयोग करून एक दिवस थांबावे. नुकतीच कात टाकलेली कोळंबी मऊ असते. तिला या स्नानापासून दूर ठेवावे.

येथे एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिठाने कृमी गळून पडतात, परंतु त्यांची अंडी शाबूत राहतात. कोळंबी कात टाकते, तेव्हा ही अंडीही कातेबरोबर बाहेर पडतात आणि पेटीत पडून राहिलेल्या कातेतून नवी पिढी जन्म घेते. म्हणून उपचाराच्या काळात प्रत्येक कात दिसताच काढून टाकावी आणि काही दिवसांच्या अंतराने स्नान पुन्हा द्यावे. एका स्नानावर समाधान मानणाऱ्याच्या पेटीत तक्रार पुन्हा उद्भवते, ती याच कारणाने.

व्हॉर्टिसेलाच्या बाबतीत खरे औषध म्हणजे स्वच्छता. खाणे कमी करावे, तळाचा गाळ काढावा, पाणी थोडे थोडे बदलावे. जुन्या कवचाबरोबर तोही निघून जातो.

काचेवरील घुसखोर

काही शत्रू कोळंबीच्या अंगावर नसून पेटीत मोकळे फिरतात. रात्री विजेरीच्या उजेडात काचेवरून सरपटणारा, त्रिकोणी डोक्याचा, दोन डोळ्यांचे ठिपके असलेला चपटा कृमी म्हणजे प्लॅनेरिया. तो पिल्लांवर आणि दुबळ्या कोळंब्यांवर हल्ला करतो. त्याला चिरडून उपयोग नाही, कारण त्याच्या तुकड्यांतून नवे कृमी तयार होतात. गुरांच्या जंतांवर दिले जाणारे फेनबेंडाझोल त्यावर गुणकारी ठरते. मात्र मात्रा जाणकार पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी आणि पेटीत गोगलगायी असल्यास त्या आधी हलवाव्यात. प्लॅनेरियानाशक म्हणून विकली जाणारी काही उत्पादने तर सुपारीच्या अर्कापासून बनतात. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य पूर्वी कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमींवरही वापरले जात असे. कोकणच्या बागेतील फळ असे काचपेटीच्या मदतीला धावून येते! औषधानंतर मेलेल्या कृमींमुळे पाणी नासते, म्हणून ते बदलणे अनिवार्य.

प्रतिबंध हाच लाभ

बँकेत नवे खाते उघडताना ओळखीची शहानिशा होते, तशीच ती नव्या कोळंबीचीही व्हावी. दोन ते चार आठवडे तिला स्वतंत्र भांड्यात ठेवून निरखावे. वनस्पतीही धुऊन, तपासूनच पेटीत घालाव्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकावे, उन्हाळ्यात पाणी तापू देऊ नये आणि दोन तासांत संपेल एवढेच खाणे द्यावे.

आणखी एक जबाबदारी पेटीबाहेरची आहे. आयात कोळंब्यांबरोबर त्यांच्या अंगावरचे कृमीही नव्या मुलखात पोहोचल्याचे जपानमधील संशोधकांनी नोंदवले आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या छोट्या कोळंब्या नांदतात. काचपेट्यांतून बाहेर पडलेल्या सकर माशाने उजनी जलाशयात मच्छीमारांपुढे कोणते संकट उभे केले, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून नकोशी झालेली कोळंबी किंवा पेटीतील पाणी नदी, तलाव वा ओढ्यात कधीही सोडू नये.

कोळंबीला आवाज नाही. तिची तक्रार रंगातून, हालचालीतून, डोक्यावरच्या एखाद्या पांढऱ्या तंतूतूनच व्यक्त होते. रोज पाच मिनिटे पेटीसमोर शांत बसून ती वाचणारा छांदिष्ट सहसा औषधाच्या बाटलीपर्यंत जातच नाही. लक्षपूर्वक पाहणे हाच या छंदातील आनंद आणि तोच त्यातील सर्वांत स्वस्त उपचार होय.