गिरडची टेकडी रंगवायची तर

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला येतात. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, अशी आख्यायिका. टेकडीवर सापडणारे जायफळासारखे गोल खडे भाविक तिचा पुरावा मानतात. भूशास्त्राच्या लेखी ते काळ्या कातळाच्या पोकळ्यांत साचलेल्या खनिजांचे गोळे. अशा टेकडीचं चित्र म्हटलं की दर्गा मधोमध हवा, असं कुणालाही वाटेल. मला वाटतं, दर्गा न काढताही तिचं पावित्र्य रंगवता येतं.

याला मोठा दाखला आहे. येशूने अटकेआधी प्रार्थना केली ती जेरुसलेमजवळच्या जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी, गेथशेमानेच्या बागेत. १८८९ मध्ये गोगँ आणि बर्नार या चित्रकारांनी तो प्रसंग रंगवला. त्यांच्याच काळातल्या व्हॅन गॉग या चित्रकाराला ते रुचलं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-रेमीला उपचार घेत असताना त्याने त्याच वर्षी नुसती जैतुनाची झाडंच पुन्हा पुन्हा रंगवली आणि बर्नारला पत्रातून बजावलं की यातना दाखवायला गेथशेमानेची बाग काढावी लागत नाही. तो दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, पुढच्या पिढीतला, पण सुटे फटकारे आणि रंगीत सावल्या त्याने त्यांच्याकडूनच घेतल्या. या चित्रांजवळ गेलं तर निळे, जांभळे, पिवळसर ओघळ तेवढे दिसतात; चार पावलं मागे सरलं की पिळवटलेली खोडं उभी राहतात. येशू नाही, देवदूत नाही, तरी बाग तळमळते आहे हे कळतं.

विदर्भाच्या रणरणत्या उन्हात ही युरोपीय रीत चालेल का, ही शंका रास्त आहे. मे महिन्यातल्या दुपारी रंग खरंच विटतात. पण दृक्प्रत्ययवाद्यांतला मोने १८८४ मध्ये इटलीतल्या बोर्दिगेराला गेला, तेव्हा भूमध्य समुद्राकाठच्या लख्ख उजेडाने त्यालाही जेरीस आणलं होतं. तरी त्याने तिथली जैतुनं रंगवलीच. दुसऱ्या धर्माचं ठिकाण कसं रंगवावं, हा संकोचही नको. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी तिथल्या रंकाळा तलावावरचा संध्यामठ रंगवला. त्यांच्यासारख्या मुसलमान चित्रकाराला हिंदूंचं ते ठिकाण परकं वाटलं नाही. भाविक विचारेल, दर्गा नसेल तर ही गिरडची टेकडी कशावरून? नाव चित्राखाली लिहिता येईल. ओळख मात्र फाल्गुनातला पेटलेला पळस, पानगळीतला साग आणि सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसणारे ते गोल खडेच पटवतील.